टॉवर कूलर बसवताना पेस्टपेक्षा जास्त काळजी कशाची घ्यायची

प्रश्न अकोल्याहून आलाय. विचारणारे लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात. मशीन २०२० मध्ये जोडलेलं: एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि प्रोसेसरच्या डब्यात आलेला छोटा कूलर. लग्नसराईत रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की तापमान ९५ अंशांवर जाऊन बसतं, पंखा किंचाळतो आणि रेंडर लांबत जातो. त्यांनी १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, म्हणजे नळ्या आणि पत्र्यांचा उभा मोठा कूलर, आणलाय. आता तो समोर ठेवून विचारताहेत की स्वतः बसवू का, आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामध्ये लावायची पेस्ट नेमकी किती लावू?

बसवा. एक स्क्रूड्रायव्हर, दीड तासाची फुरसत आणि दिवसाचा उजेड असला की जमणारं काम आहे. नागपुरात गेली अठरा वर्षं मी मशीनं जोडतोय आणि दुरुस्त करतोय. कूलरच्या बाबतीत माझ्या टेबलावर जे बिघाड आले, त्यांत 'पेस्ट जास्त झाली' म्हणून खराब झालेलं मशीन मला आठवत नाही. बिघाड झाले ते जुना कूलर ओढून काढताना आणि नवा वाकडा आवळल्यामुळे. म्हणून पेस्टवर सांगेनच, पण आधी या दोन गोष्टींवर.

त्याआधी मोजपट्टी घ्या. टॉवर कूलर साधारण १५० ते १६० मिमी उंच असतात. कॅबिनेटची बाजूची पाटी काढा आणि प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून त्या पाटीच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते कूलरच्या उंचीपेक्षा निदान तीन-चार मिमी जास्त हवं. रॅमच्या पट्ट्यांवर उंच शोभेचं पत्र्याचं कवच असेल तर तेही बघा, कारण पंखा बहुधा रॅमच्याच बाजूला येतो. सगळं आवळून झाल्यावर पाटी लागत नाही हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आता जुना कूलर. तुमचा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) आहे. या सॉकेटला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिना, आणि सॉकेटची कडी त्यांना फक्त बाजूने चिमटून धरते. वरून प्रोसेसरला दाबून धरणारी लोखंडी चौकट इथे नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटला किंवा एएमडीच्याच नव्या एएम५ ला ती आहे, म्हणून तिथे ही भीती नाही. पाच वर्षांत पेस्ट वाळून खळीसारखी चिकटते. अशा वेळी कूलर सरळ वर ओढला, तर कडी बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून बाहेर येतो.

हे माझ्या हातून झालंय. डिसेंबरमधली सकाळ होती, मशीन रात्रभर गार पडलेलं. गिऱ्हाईक घाईत होतं, मीही घाई केली. चारही स्क्रू काढले, कूलर धरला आणि वर ओढला. 'टक्' असा बारीक आवाज आला. कूलर उलटा केला तर प्रोसेसर त्याच्या तळाला घट्ट, आणि एका कडेच्या नऊ-दहा पिना पावसात आडव्या झालेल्या गव्हासारख्या झोपलेल्या. मग भिंग, टेबलावरचा दिवा आणि ०.५ मिमीची लेखणी-पेन्सिल. तिच्यातली शिसं काढून टाकली की टोकाची धातूची नळी पिनेवर अलगद बसते. एकेक पीन त्या नळीत घेऊन केसभर उचलायची, शेजारच्या ओळीशी ताडून बघायची, पुन्हा केसभर. दोन तास लागले. एकही पीन मोडली नाही हे नशीब, कारण मोडली असती तर तो प्रोसेसर मला भरून द्यावा लागला असता. तेव्हापासून एएम४चं मशीन गरम केल्याशिवाय मी कूलरला हात लावत नाही.

तुम्हीही तेच करा. दहा-पंधरा मिनिटं एखादा रेंडर चालू ठेवा, म्हणजे पेस्ट मऊ पडेल. मग मशीन बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पंख्याची वायर आधी काढा, ही नेहमी विसरते. चारही स्क्रू कोनाकोनी थोडे थोडे सैल करा. आणि मग कूलर ओढायचा नाही, फिरवायचा. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण सैल करतो तसा डावीकडे थोडा, उजवीकडे थोडा. एका क्षणी पेस्टची पकड सुटल्याचं हाताला स्पष्ट कळतं, त्यानंतरच उचला. फिरतच नसेल तर जोर लावू नका. हेअर ड्रायरची गरम हवा दोन-तीन मिनिटं कूलरच्या तळाशी द्या आणि पुन्हा फिरवून बघा.

इथेच आणखी एक गोष्ट सांभाळायची. तुमच्या जुन्या कूलरचे स्क्रू बोर्डाच्या मागच्या लोखंडी पाटीत थेट गुंतलेले असतात. ते सुटले की ती पाटीही मोकळी होते आणि मागच्या बाजूला पडते. म्हणून कॅबिनेटच्या दोन्ही बाजू उघडा आणि स्क्रू सुटत आले की एक हात मागून पाटीवर ठेवा. बहुतेक टॉवर कूलर एएम४ वर हीच पाटी वापरतात. ती टाकून देऊ नका आणि उलटीही बसवू नका. तुमच्या कूलरसोबतच्या पत्रकात एएम४ चं चित्र बघून त्याचे खांब किंवा पट्ट्या या पाटीवर आधी बसवून घ्या. इंटेलचे स्क्रू वेगळ्या पुडीत असतात, ते बाजूला ठेवा, म्हणजे सरमिसळ होणार नाही.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल सगळ्यात चांगलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा तुमच्या गावात मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे छोटी बाटली मिळते. ९९ टक्क्यांचं घ्या. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं नावच नको. कापड लव न सुटणारं हवं, चष्मा पुसायचं जुनं कापड उत्तम. प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या. कापड ओलं करून कडेकडून मध्याकडे पुसा, म्हणजे जुनी पेस्ट सॉकेटमध्ये उतरणार नाही. प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर छापलेली अक्षरं स्वच्छ वाचता आली की पुरे. नव्या कूलरच्या तळावर आधीच पेस्टचा थर लावलेला नसेल, तर तोही एकदा पुसा, त्यावर कारखान्याची तेलकट बोटं असतात.

आणि तळावर चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढलात का, हे दोनदा बघा. तो इतका पातळ असतो की उजेडात तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. कागद तसाच ठेवून बसवलेली मशीनं माझ्याकडे दरवर्षी एक-दोन तरी येतात, आणि मालक सांगतो, 'तीन वेळा पेस्ट बदलली.'

आता पेस्ट. किती लावायची हे पाठ करण्यापेक्षा ती करते काय हे समजून घेतलंत, तर प्रमाण आपोआप कळेल. प्रोसेसरची टोपी आणि कूलरचा तळ डोळ्यांना आरशासारखे दिसले तरी दोन्हींवर बारीक खाचा असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की मध्ये हवा अडकते. एखादी गोष्ट उष्णता किती वाहून नेते, याचा आकडा (वॅट प्रति मीटर-केल्विन) हवेचा आहे सुमारे ०.०२५, तांब्याचा सुमारे ४००. चांगल्या पेस्टवर कंपन्या जो आकडा छापतात तो साधारण ४ ते १२ च्या घरातला. आर्क्टिक कंपनीच्या एमएक्स-४ या पेस्टचा दिलेला आकडा ८.५ आहे. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा तीनशे पटींनी चांगली आणि तांब्यापेक्षा जवळपास पन्नास पटींनी वाईट. म्हणून जिथे हवा आहे तिथे पेस्ट हवीच, आणि जिथे धातूला धातू टेकू शकतो तिथे ती मध्ये येता कामा नये. फटी बुजवण्यापुरती पेस्ट, बाकी सगळं काम दाबाचं.

प्रमाण सांगतो. मध्यभागी तुरीच्या डाळीच्या पाकळीएवढा एक ठिपका, आणि चार कोपऱ्यांच्या जरा आत ज्वारीच्या दाण्याएवढे चार. बस. हाताने, कार्डाने पसरवायची गरज नाही, कूलर आवळताना ती आपोआप पसरते. मी कोपऱ्यांचे ठिपके सांगतो त्याला कारण आहे. रायझन ५ ३६०० च्या टोपीखाली एक चिप नाही, दोन आहेत, आणि जी खरी तापते ती छोटी चिप मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली आहे. फक्त मध्यभागी एकच छोटा ठिपका दिला आणि तो कमी पडला, तर नेमकी तापणारी जागा कोरडी राहू शकते. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येईल आणि तशीच राहील. एमएक्स-४ सारखी पेस्ट वीज वाहून नेत नाही, त्यामुळे बाहेर आलेल्या पेस्टने काही जळत नाही. कमी पडलेली जास्त वाईट. ४ ग्रॅमची नळी आठ-दहा वेळा तरी पुरते. तुमच्या कूलरच्या तळावर कारखान्यातूनच राखाडी थर लावून आला असेल, तर तो वापरा, त्यावर आणखी पेस्ट देऊ नका.

ज्यांना विश्वास बसत नाही त्यांना मी दुकानात काच दाखवतो. फोटो फ्रेमची जुनी जाड काच, तिच्यावर असेच पाच ठिपके, त्यावर कूलरचा तळ ठेवून हाताने दाबायचा आणि काच उलटी करून खालून बघायचं. दाब वाढेल तसे ठिपके फुगून एकमेकांना भेटतात आणि मधली हवा कडेने निघून जाते. आता कूलर एका बाजूने जास्त दाबा: तिकडची पेस्ट पार पातळ होऊन बाहेर येते आणि दुसऱ्या बाजूला जाड पट्टा तसाच उरतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आवळताना हात आपोआप सावध होतो. घरी करून बघायला हरकत नाही, नंतर काच आणि तळ पुसून घ्या.

पेस्टच्या प्रकाराबद्दल दोन वाक्यं. लिक्विड मेटल घेऊ नका. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, वीजही वाहून नेतं, आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही. रेडिओ-टीव्हीच्या सामानात मिळणारी पांढरी पेस्ट अडीअडचणीला चालते, पण लवकर वाळते. टूथपेस्टचा प्रयोग करणारे भेटतात. त्यातलं पाणी उडालं की खाली उरते ती कोरडी पावडर.

बसवताना कूलरचा पंखा काढून ठेवा, म्हणजे स्क्रूड्रायव्हर सरळ पोचतो. कॅबिनेट आडवं करा, पण मागची पाटी धरून. कूलर प्रोसेसरवर सरळ वरून टेकवा आणि एकदा टेकवला की उचलू नका. उचलावाच लागला तर पेस्ट पूर्ण पुसून नव्याने लावा, नाहीतर मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. मग एक स्क्रू फक्त धरेपर्यंत, त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला तसाच धरेपर्यंत. चार स्क्रू असतील तर उरलेले दोनही तसेच. त्यानंतर प्रत्येकाला दोन-दोन आटे, नेहमी समोरासमोर. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तीच रीत. बहुतेक कूलरच्या स्क्रूंना स्प्रिंग असते आणि शेवटी ते आपोआप थांबतात; तिथे थांबा. त्यापुढे मनगटाचा जोर लावून बोर्ड वाकवण्यात काही मिळत नाही. दोन बोटांत टॉवर धरून हलकेच फिरवून बघा. तळ जागचा हलत असेल, तर कुठेतरी आटे कमी पडलेत.

पंखा लावताना दिशा बघा. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे चार आडवे दांडे आणि मधलं स्टिकर दिसतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. त्यामुळे स्टिकरची बाजू टॉवरच्या पत्र्यांकडे आणि वाऱ्याचा रोख कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे. वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या चार पिनांच्या जागीच लावा, दुसरीकडे लावलीत तर सुरू होताना बोर्ड पंखा नाही म्हणून तक्रार करू शकतो.

मागचा पंखा नसेल तर या वेळी जरूर बसवा. जुना कूलर हवा खाली बोर्डावर फेकायचा, त्यामुळे प्रोसेसरशेजारच्या वीजपुरवठ्याच्या भागांनाही वारा मिळायचा. टॉवरची हवा आडवी जाते. बी४५० च्या काही स्वस्त बोर्डांवर त्या भागांना पत्रा किंवा हीटसिंकही नसतो, आणि तासन्‌तास रेंडर करणाऱ्याला ते जपावं लागतं.

मशीन सुरू केल्यावर आधी बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणारा बोर्डाचा सेटिंगचा पडदा) थांबा. पंख्याचे फेरे दिसताहेत का, तापमान स्थिर होतंय का, बघा. विंडोजमध्ये तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवा. इथे आकड्यापेक्षा तो आकडा कसा चढतो हे बघायला शिका. भार पडताच पाच-दहा सेकंदांत ९० च्या पुढे झेप घेतली तर तळ नीट टेकलेला नाही: कागद राहिलाय, पेस्ट कमी आहे किंवा एक बाजू वर आहे. पुन्हा उघडावंच लागेल. पण आधी ६५-७० वर येऊन मग पाच-सात मिनिटांत हळूहळू वर सरकत गेला, तर बसवणी चांगली आहे, कॅबिनेटमधली किंवा खोलीतली हवा गरम आहे. या एका फरकावरून मी निम्म्या तक्रारी फोनवरच ओळखतो. काहीच काम नसताना तापमान ४५ वरून ६० वर उडी मारून परत येत असेल, तर घाबरू नका, या पिढीच्या रायझनची ती सवयच आहे.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याचं. हवेवर चालणारा कुठलाही कूलर खोलीपेक्षा गार करू शकत नाही, तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक कमी करतो. थंड देशांतल्या व्हिडिओंत २२ अंशांच्या खोलीत ६५ दिसतं, तेच अकोल्याच्या ४० अंशांच्या खोलीत ८३ होणार. तुमचा कूलर तेवढंच काम करतोय, फक्त खालची पायरी १८ अंशांनी वर आहे. माझ्या अनुभवात असा टॉवर लावलेला ३६०० मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७८ ते ८५ दाखवतो. तेवढं दिसलं की काम चोख झालं समजा. ३६०० ची मर्यादा ९५ आहे. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःचा वेग उतरवतो, आणि तुमचा रेंडर लांबतो तो त्यामुळेच.

विदर्भात 'कूलर' म्हटलं की खसच्या ताट्यांचा कूलर डोळ्यांसमोर येतो, आणि गंमत नाही, तुमच्या टॉवरमधल्या तांब्याच्या नळ्याही त्याच तत्त्वावर चालतात. नळीत थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरच्या उष्णतेने त्याची वाफ होते, वाफ वर पत्र्यांपाशी जाऊन गार होते, पाणी होऊन आतल्या जाळीतून परत खाली येते. ताट्यांवरचं पाणी हवेत उडून जातं, हे नळीत कोंडलेलं असल्यामुळे वर्षानुवर्षं फिरत राहतं. खोलीत खसचा कूलर जरूर लावा, खोली ३०-३२ वर आली तर प्रोसेसरही तितकाच उतरेल. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्यातून बारीक तुषार येतात, ओल्या पत्र्यांवर धूळ चिखलासारखी बसते आणि ती नुसत्या ब्लोअरने निघत नाही.

पेस्ट दर सहा महिन्यांनी बदलायची गरज नाही. मी मशीन देताना कॅबिनेटच्या पाटीला आतून एक चिठ्ठी चिकटवतो: तारीख, खोलीचं तापमान, सिनेबेंचला दहा मिनिटांनी दिसलेलं तापमान. पुढे कधी शंका आली तर तीच चाचणी पुन्हा घ्यायची आणि दोन्ही वेळचा फरक ताडायचा. आधी पत्र्यांतली धूळ काढायची. धूळ काढूनही फरक आठ-दहा अंशांनी वाढलेला राहिला, तरच पेस्ट. साधारण तीन-चार वर्षं काही बघावं लागत नाही.

एक राहिलं. तुम्ही लग्नाच्या गावी मशीन घेऊन जात असाल तर गाडीत कॅबिनेट आडवं ठेवा, टॉवर वर उभा राहील असं. उभ्या कॅबिनेटमध्ये तो अर्धा-पाऊण किलोचा तांब्या-ॲल्युमिनियमचा ठोकळा बोर्डाला आडवा लोंबकळत असतो आणि खड्ड्यांचा प्रत्येक धक्का त्या चार स्क्रूंवर येतो. जुना कूलरही फेकू नका. त्याचा पंखा साफ करा, तळ पुसा आणि स्क्रूंसकट डब्यात ठेवा. ऐन लग्नसराईत टॉवरचा पंखा बंद पडला, तर दुसरा मिळेपर्यंत त्याच्यावर रात्र निघते.